माळावर पाणी चढलं

आमच्या सासरी पाण्याला कुणी नाही म्हणत नाही.

एरवी ही माणसं सगळ्याला नाही म्हणतात. डॉक्टरांनी ऑपरेशनला बोलावलं तर नाही म्हणतात, मुलांनी सहलीला चला म्हटलं तर नाही म्हणतात. पण पाटाला पाणी सुटलं आणि ते घ्यायची आपली बारी आली, की अंथुर्ण्यातल्या या घरातला प्रत्येक पुरुष खोरं खांद्यावर टाकून निघतो. मग घरात पाहुणे असोत, ताटात जेवण असो, नाहीतर (हे माझ्याच बाबतीत घडलेलं आहे) अंगावर हळद असो. आमच्या लग्नात हळद लागल्यावर नवरदेव गायब झाले. शोधाशोध झाली, तेव्हा सापडले ते उसात. घोटाभर पाण्यात, हातात खोरं, आणि कानापर्यंत पिवळे. माझे वडील कौतुकानं म्हणाले, "जावई कष्टाळू हाय." मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

माझं माहेर सुप्याकडचं. सगळं जिराईत. तिथं पाणी टँकरनं यायचं आणि जाताना सगळ्यांची भांडणं लावून जायचं. भांडी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घालायचं, आणि ते आळ्याबाहेर सांडलं तर आईची बोलणी खायची. अशा घरातून मी या पाटाच्या मुलखात आले, तर इथली माणसं उसाला पाणी देत नव्हती, ऊस बुडवून काढत होती. वाफ्याचं तोंड मोडायचं, पाणी आत घ्यायचं, वाफा भरला की तोंड बुजवून पाणी पुढच्या वाफ्यात फिरवायचं, याला इथं दारं धरणं म्हणतात. या दारं धरण्याच्या गप्पा ही माणसं तासन्‌तास मारतात. मी आल्या दिवसापासून त्यांना नावं ठेवत आले. "तुम्हाला पाणी दिसलं की चळ लागतो," हे माझं ठरलेलं वाक्य होतं.

आमच्या उसाच्या वरच्या अंगाला एक माळ आहे. नुसता मुरूम आणि धोंडे. तिथं पाटाचं पाणी पोचत नव्हतं, म्हणून घरात त्याला कुणी जमीन समजत नव्हतं. त्यावर मी झाडं लावली. कडुलिंब, चिंच, करंज, हिवर, बोरी, आपटा. पहिले दोन उन्हाळे कळशीनं पाणी घातलं, नंतर सांगितलं, आता आपापलं बघा. त्यांनी बघितलं. आज तिथं भर दुपारी चटई टाकून झोपावं अशी सावली आहे. मी तिथली चिंच विकते, बोरकूट करते, करंजाच्या बिया देते. हे माझं रान. घरातल्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीला मी 'माझं' म्हणत नाही. (फ्रिजवर आत्याबाईंचा हक्क आहे, टीव्हीवर आबांचा.)

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि आबा सासरे.

तर गेल्या वर्षी पाटातून शेतात पाणी आणणारी चारी वाढवली आणि ती नेमकी माझ्या माळाच्या वरच्या कडेनं गेली. आबा चारीवर उभे राहिले. खाली माझ्या रानाकडं त्यांनी एकदा पाहिलं, आणि पोटचं पोर इतकी वर्षं रिकामं बसलंय असं तोंड केलं.

"पानी चढलं म्हंजी ऊस चढनार," आबा म्हणाले.

"आबा, तिथं सगळा मुरूम आहे."

"गाळ टाकू की. गाळावर ऊस काय, काय बी येतंय."

"आणि झाडं?"

"झाडं काय, बांधाला ऱ्हातील दोन."

मी दोन दिवस जेवले नाही. म्हणजे सगळ्यांसमोर जेवले नाही. तिसऱ्या दिवशी मी तोड काढली. पुण्याच्या लोकांना झाडाखाली बसवून न्याहारी द्यायची. चुलीवरचं पिठलं, भाकरी, ठेचा, बोरकूट आणि रानाची सैर. बारामतीच्या बाजूला लोक असलं पुष्कळ करतात. आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि निवाडा दिला.

"एक रविवार घे. तुझं पावनं जाताना फुडच्या खेपेचं पक्कं करून गेलं, तर रान तुझं. न्हाय केलं, तर सोमवारी जेसीबी."

आबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मला रविवार मिळाला.

पुण्याहून चित्रे मॅडम आणि त्यांच्या सकाळी फिरणाऱ्या गटातली सहा माणसं येणार होती. चित्रे मॅडम फोनवर म्हणाल्या, "आम्हाला शांतता हवी आहे आणि कोरडी हवा. गटात दोघांना दम्याचा त्रास आहे." मी म्हटलं, "मॅडम, आमच्या माळाइतकं कोरडं तुम्हाला कुठं मिळायचं नाही." हे वाक्य मी मोठ्या अभिमानानं उच्चारलं होतं.

आता धोका एकच होता, घरची माणसं. पाटाला पाणी सुटलेलं होतं आणि आमची बारी रविवारच्या आसपास येणार होती. खरं म्हणजे उसाला पाणी नकोच होतं. विहीर तुडुंब होती, ऊस तरारून आला होता. पण गरज नाही म्हणून बारी सोडायची, हा विचार या घरात अजून कुणी केलेला नाही. आपण सोडली तर ती शेजारच्या तात्यांना जाते. तात्यांचा ऊस आमच्या बांधाला लागून. तात्या आणि आबा यांचं भांडण नाही, दोघं रोज सकाळी एकत्र चहा पितात. फक्त पाण्याचा विषय निघाला की एकमेकांकडं बघत नाहीत.

मी घरच्यांना समोर बसवून शब्द घेतले. आमच्या अहोंनी खोऱ्याला हात न लावण्याची शपथ घेतली. आबा म्हणाले, "रविवारी मी माळात पाय ठेवनार न्हाय आन्‌ खोऱ्याला शिवनार न्हाय." तरी माझा विश्वास बसेना. मी घरातली सगळी खोरी गोळा केली. कुठं लपवायची? आत्याबाईंना घरातली प्रत्येक जागा ठाऊक. शेवटी रविवारी सकाळी पाहुण्यांसाठी रानात गाद्या टाकल्या, त्यांच्याच खाली सारली. वर फुलाफुलांच्या चादरी घातल्या. आपल्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की एक चहा जास्त प्याले.

पाहुणे आले. पहिलाच घोळ दारात झाला. पाहुण्याच्या पायावर पाणी पडल्याशिवाय तो आलाच नाही, असं आत्याबाईंचं मत आहे. त्या कळशी घेऊन उभ्याच होत्या. बापटकाका नावाचे एक गृहस्थ पांढरेशुभ्र बूट घालून पहिल्यांदा उतरले. ते वाकून नाडी सोडणार, तेवढ्यात आत्याबाईंनी कळशी ओतली.

"अहो, बूट..." बापटकाका म्हणाले.

"असू द्या, उनात वाळत्यात," आत्याबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या पायावर ओतली.

मी हसून वेळ मारून नेली. पाहुण्यांना रानात आणलं, गाद्यांवर बसवलं. चूल पेटली, पिठल्याला उकळी आली, पाखरं ओरडत होती. चित्रे मॅडमनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. "किती कोरडं आणि छान आहे," त्या म्हणाल्या. मला आबांना हाक मारून ते वाक्य ऐकवावंसं वाटलं.

बापटकाका सारखे चुळबुळ करत होते. "ही गादी जरा टोचते आहे का हो?"

"गावाकडची आहे ना, काका. पाठीला चांगली असते," मी म्हटलं.

मग मी सैर सुरू केली. सैर म्हणजे तेवढ्याच जागेत उभं राहून हातवारे. मी म्हटलं, "या झाडांना आम्ही पाटाच्या पाण्याचा थेंब दिलेला नाही. झाड मुळं खाली सोडतं आणि आपलं आपण बघतं. आमच्या सुप्याकडं माणसंही अशीच असतात. आमच्या सासरकडच्यांना मात्र पाणी दिसलं की चळ लागतो. हळदीच्या अंगानं उसात जाणारा नवरा आहे माझा." पाहुणे खळखळून हसले. मला जोर चढला. मी खोरं घेऊन पळणाऱ्या आबांची नक्कल करून दाखवली. त्यालाही हशा पडला.

नक्कल करून वळले तर कडुलिंबाच्या आड आमचे अहो उभे. दोन्ही हात पाठीशी बांधलेले, चेहरा दुखणाइतासारखा.

"पानी आलंय," ते हळूच म्हणाले.

"आलं तर आलं."

"आपली बारी हाय."

"जाऊ दे बारी."

"तात्याला?" त्यांचा आवाज चिरकला. मी ठाम राहिले. ते लिंबाच्या बुंध्याशी बसले आणि गवताची काडी चावायला लागले.

तेवढ्यात फोन वाजला. आबा.

"पानी आलंय म्हनून नुसतं सांगतोय."

"आबा, तुम्ही शब्द दिलाय."

"शब्द हाय की. मी माळात न्हाय, बांधावर हाय. बांध काय माळ न्हवं."

बघितलं तर खरंच, बांधावर आबा बसलेले. धोतराचा सोगा गुडघ्यावर, नजर चारीवर. शेजारी आत्याबाई, त्यांचीही नजर चारीवर. पाहुण्यांना वाटलं, घरातली वडीलधारी मंडळी निसर्ग बघत बसली आहेत. एकानं त्यांचा फोटोही काढला.

इथपर्यंत सगळं माझ्या हातात होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते.

मग चारीच्या कडेनं तात्या आले. डोक्याला मुंडासं, खांद्यावर खोरं. त्यांनी आधी बांधावरच्या आबांकडं पाहिलं, आबांनी दुसरीकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळून तात्या अगदी गोड आवाजात म्हणाले, "सूनबाई, तुमची बारी मी घेतो बरं का. पानी वाया जायला नको."

"घ्या की तात्या," मी पाहुण्यांदेखत ऐटीत म्हणाले.

"व्हय. तसं बी तुमी सुप्याकडची मानसं. तुमाला पान्याचं काय कळायचं."

एवढं बोलून ते पुढं गेले. मी चारीकडं पाहिलं. पाहायला नको होतं. काठोकाठ भरलेली चारी. गढूळ, जाड, फेसाळ पाणी. ते माझ्या डोळ्यांसमोरून, माझ्या बांधाला घासून, माझ्या नावाचं असून, सरळ तात्यांच्या उसात चाललं होतं. आळ्याबाहेर सांडलेल्या तांब्याभर पाण्यासाठी मी लहानपणी बोलणी खाल्ली होती, आणि इथं ओढा वाहून चालला होता. पुढचं मला नीट आठवत नाही, लोकांनी सांगितलेलंच सांगते.

लोक म्हणतात, मी पदर खोचला. बापटकाकांना "उठा जरा" म्हणाले, ते उठेपर्यंत थांबले नाही. त्यांच्या गादीखालून खोरं ओढलं. काका गादीसकट कलंडले. आणि मी चारीवर जाऊन, पाच-सहा घावांत, चारीचा काठ फोडला.

पाणी आलं. आलं म्हणजे काय, वाट बघत असल्यासारखं आलं! पहिल्यांदा चुलीत गेलं. चूल फस्‌ करून विझली आणि पिठल्याचं पातेलं डुलत डुलत करंजाकडं निघालं. मग गाद्यांखाली गेलं. फुलाफुलांच्या चादरी आधी फुगल्या आणि मग बसल्या. पाहुणे उभे राहिले. बापटकाकांचा बूट, जो ते नुकताच वाळवायला ठेवून बसले होते, तो त्यांच्या पुढ्यातून गेला.

"बाई, पाणी येतंय," चित्रे मॅडम म्हणाल्या. माझ्या लक्षात आलं नसेल असं त्यांना वाटलं असावं.

"येऊ द्या. आपलंच आहे," मी म्हणाले.

यापुढं मी जे केलं, ते सांगताना अजून कान गरम होतात. चिंचेकडची बाजू उतारानं तात्यांच्या बांधाकडं जाते. पाणी तिकडून निसटायला लागलं. मी ओरडले, "काका, तिकडं धोंडा लावा. मॅडम, तुम्ही त्या फटीत उभ्या राहा. हलू नका!" आणि पुण्याहून शांततेसाठी आलेल्या चित्रे मॅडम खरोखर फटीत उभ्या राहिल्या. दम्याच्या दोघांना मी माती ओढायला लावली. कुणी थांबलं की मी खेकसत होते. न्याहारीचं नावही कुणी काढलं नाही. काढायला न्याहारी उरलीच नव्हती.

मध्येच मी बांधाकडं हाक मारली, "अहो, आबा, या की मदतीला!"

"शब्द दिलाय," आबा म्हणाले. ते मांडी बदलून आरामात बसले होते.

"शपथ घातलीयस," लिंबावरून आमचे अहो म्हणाले. एव्हाना ते खालच्या फांदीवर चढून बसले होते.

"अगं, आता बुजव की दारं," आत्याबाईंनी सांगितलं.

आणि इथं खरी गोम होती. काठ फोडायला अक्कल लागत नाही. बुजवायला लागते. मी माती टाकावी आणि पाण्यानं ती न्यावी. मी दगड टाकावा आणि पाण्यानं शेजारून वाट काढावी. एवढी वर्षं या लोकांच्या दारं धरण्याला हसत आले होते, पण ते कसं करतात हे एकदाही बघितलं नव्हतं. शेवटी तात्यांनाच दया आली. ते चारीतून आले, चार खोरी माती नेमक्या जागी टाकली, वर पायानं दाबली. पाणी थांबलं. तोवर दुपार कलली होती आणि माझ्या कोरड्या माळावर बेडकं बोलायला लागली होती.

पाहुणे गाडीत बसले. सगळ्यांचा रंग एकच झाला होता. मी गाडीच्या खिडकीशी गेले. आबाही आले, निकाल ऐकायला.

"मॅडम, पुढच्या खेपेचं कधीचं पक्कं करू?" मी विचारलं. हा प्रश्न त्या अवस्थेत विचारायला किती कोडगेपणा लागतो, याची मला कल्पना आहे. पण माझं रान पणाला लागलं होतं.

चित्रे मॅडमनी चष्म्यावरचा चिखल पुसला. "कळवते हं," त्या म्हणाल्या.

पुण्याच्या माणसाचं 'कळवते' म्हणजे काय, हे आबांनाही कळतं. गाडी गेली. आबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्या रात्री मी खरोखरच जेवले नाही. झाडं मी जगवली, आणि मीच घालवली. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायला जागाच नव्हती.

सोमवारी सकाळी जेसीबी आला. मी रानाच्या वाटेवर उभी राहिले होते. काय करणार होते मलाही ठाऊक नव्हतं. रडत होते, हे खरं. माळावर जायची वाट खालच्या सखल कोपऱ्यातून आहे, आणि कालचं सगळं पाणी तिथंच येऊन मुरलं होतं. जेसीबी वळला, दोन हात पुढं आला, आणि त्याचं पुढचं चाक शांतपणे आत गेलं. ड्रायव्हरनं मागं घेतला, तर मागचंही गेलं. मग त्याला ओढायला आमचा ट्रॅक्टर आला. तो पण बसला. तात्यांचा ट्रॅक्टर आला, तेव्हा कुठं दोन्ही निघाले. तोपर्यंत अर्धं गाव जमलं होतं. ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "आबा, वापसा आल्याबिगार ह्यात शिरता येनार न्हाय." म्हणजे जमीन आधी वाळली पाहिजे.

आबांनी आधी चिखलाकडं पाहिलं. मग झाडांकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"ऊस न्हाय लावायचा वर," ते म्हणाले.

मला वाटलं, माझं रडणं त्यांना लागलं. मी पदरानं डोळे पुसले.

"खालचं रान आमी दोगं बगतो," आबा सगळ्या गावाला समजावत म्हणाले, "वरच्या उसाची दारं हिलाच धरायला लागली असती. सात मानसं बसलेली जिला दिसली न्हाईत, तिला ऊस दिसनार हाय व्हय? त्यापरीस झाडंच बरी. हिच्या तडाख्यात टिकत्यात, ते काल बगितलंय."

गाव हसलं. आमचे अहो हसले. आत्याबाई पदरात हसल्या. रान वाचलं होतं, म्हणून मीही हसले. म्हटलं, चला, एकदा झालं ते झालं. चूक कळली, आता जन्मात पुन्हा चारीकडं फिरकणार नाही. तसं मी आबांना म्हणूनही दाखवणार होते. तेवढ्यात वरच्या अंगानं तात्यांची हाक आली.

"सूनबाई, पानी अजून चालू हाय. तुमची उरल्याली बारी मी घेऊ का?"

सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. खोरं माझ्या हातात कधी आलं, हे मला खरोखर माहीत नाही.